अंगणातली वाडी आणि अडखळणारे बालक : पूर्वप्राथमिक शिक्षणाच्या इतिहासाचा एक दुर्लक्षित धागा (वाशिम जिल्ह्याच्या विशेष संदर्भात)

प्रास्ताविक

वाशिम हा जिल्हा म्हणून अलीकडचा. १ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्याचे विभाजन होऊन वाशिम, मालेगाव, रिसोड, मंगरूळपीर, कारंजा आणि मानोरा या सहा तालुक्यांचा हा जिल्हा अस्तित्वात आला. इंग्रजी अमदानीत १९०५ पर्यंत 'बासीम' नावाचा एक स्वतंत्र जिल्हा वऱ्हाडात होता, हे आता फारसे कोणाच्या लक्षात नसते. त्यामुळे या भूभागातील कोणत्याही सामाजिक संस्थेचा इतिहास लिहू पाहणाऱ्यास बासीम, अकोला, मध्यप्रांत व वऱ्हाड, द्वैभाषिक मुंबई राज्य आणि महाराष्ट्र अशा अनेक दप्तरांतून वाट काढावी लागते. बालशिक्षणाच्या बाबतीत ही वाट अधिकच बिकट होते. कारण सहा वर्षांखालील मूल जुन्या दप्तरात बहुधा दोनच वेळा येते : जन्मल्यावर आणि मेल्यावर.

या मधल्या, दप्तराबाहेरच्या काळातील एक प्रश्न प्रस्तुत निबंधात विचारार्थ घेतला आहे. तीन-चार वर्षांचे एखादे मूल उशिरा बोलते, चार मुलांत बसत नाही, हाक मारली तरी वळून पाहत नाही, चालताना पडते, किंवा असे कोणतेच ठळक लक्षण नसताना बरोबरीच्या मुलांच्या मागे राहते. अशा मुलास कोठे बसवावे? अंगणवाडीत, खाजगी बालवर्गात, विशेष शाळेत, की आणखी काही वर्षे घरीच? येथे अशा मुलास 'अडखळणारे बालक' म्हटले आहे. अपंगत्वाचे प्रमाणपत्र असलेले मूल त्यात येतेच. परंतु ज्याला अद्याप कोणतेही नाव मिळालेले नाही असे मूलही येते, आणि तीन ते सहा या वयात दुसऱ्या प्रकारचीच मुले अधिक असतात.

हा प्रश्न आजकाल वैद्यकाचा वा मानसशास्त्राचा मानला जातो. तो इतिहासाचाही आहे. भारतात, विशेषतः महाराष्ट्रात, लहान मुलांसाठी 'जागा' कशी घडत गेली हे पाहिले म्हणजे असे दिसते की, ज्या पद्धतीतून आपली बालवाडी जन्मली ती मुळात अडखळणाऱ्या मुलांसाठीच तयार झाली होती. आणि ज्या प्रयोगातून 'अंगणवाडी' हे नाव आले त्याचे सारे मर्म मुलाला जागेकडे नेण्यात नसून जागा मुलाकडे नेण्यात होते. पद्धत आली, नावही आले. ज्याच्यासाठी ती होती ते मूल मात्र वाटेत कोठे सुटले, याचा शोध घेणे हा या निबंधाचा हेतू आहे.

साधनांची वंशावळ

इ. स. १८०० मध्ये फ्रान्सच्या आव्हेरों प्रांतात जंगलात वाढलेला एक मुलगा सापडला. त्यास बोलता येत नव्हते. तत्कालीन विद्वानांपैकी अनेकांनी तो जन्मतः मंदबुद्धी असल्याचा निर्वाळा दिला. पॅरिसच्या मूकबधिर संस्थेतील तरुण वैद्य झां इतार यांनी तो मानला नाही. या मुलास व्हिक्टर हे नाव देऊन त्यांनी स्पर्श, दृष्टी, श्रवण या एकेका इंद्रियाच्या मार्गाने त्याला शिकविण्याचा उद्योग काही वर्षे केला आणि १८०१ व १८०६ मध्ये त्याचे दोन वृत्तांत लिहिले. व्हिक्टर बोलू लागला नाही. त्या अर्थाने प्रयोग फसला. परंतु मुलाला शिकविण्यापूर्वी त्याचे बारकाईने निरीक्षण करावे ही रीत त्या फसलेल्या प्रयोगाने घालून दिली.

इतार यांचे शिष्य एदुआर सेगँ यांनी हे काम पुढे नेऊन मतिमंद मुलांसाठी साधने सिद्ध केली. निरनिराळ्या आकारांचे ठोकळे त्या त्या खाचेत बसविण्याची फळी ही त्यांची. आपल्या बालवाडीशिक्षिका आजही ज्या तीन पायऱ्यांनी रंगाचे नाव शिकवितात, म्हणजे 'हा लाल', मग 'लाल दे पाहू', मग 'हा कोणता?', तो त्रिपदी पाठही सेगँ यांचाच. रोममधील डॉ. मारिया माँटेसरी यांनी विद्यापीठाच्या मनोरुग्ण चिकित्सालयात काम करीत असताना इतार व सेगँ यांचे ग्रंथ अभ्यासले. १९०० च्या सुमारास मतिमंद मुलांच्या शिक्षकांसाठी निघालेल्या संस्थेची धुरा त्यांच्याकडे आली. तेथील काही मुले सर्वसामान्य मुलांच्या सार्वजनिक परीक्षेत उत्तीर्ण झाली, तेव्हा लोकांनी आश्चर्य केले. माँटेसरींना प्रश्न पडला तो उलटा : ही मुले येथवर येऊ शकतात, तर धडधाकट मुले इतकी मागे का? १९०७ मध्ये रोमच्या सान लोरेंझो या गरीब वस्तीत त्यांनी पहिले बालगृह उघडले, ते या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी.

म्हणजे ज्या साधनांना आपण पुढे 'माँटेसरी साधने' म्हणून ओळखू लागलो, आणि जी शहरांतील सुखवस्तू मुलांच्या शिक्षणाचे चिन्ह बनली, त्यांचे कुळ मूकबधिर व मतिमंद मुलांच्या वर्गातले आहे. आपल्या अध्यापक महाविद्यालयांत माँटेसरी पद्धतीवर टिपा लिहून घेतल्या जातात, त्यांत हा मूळपुरुष बहुधा नसतो. असता तर विद्यार्थी-शिक्षकाच्या मनात निदान एवढा विचार आला असता की, अडखळणारे मूल हे या पद्धतीपुढील अडचण नसून तिचे उगमस्थान आहे.

माँटेसरीबाई स्वतः १९३९ मध्ये भारतात आल्या. त्यांचा विचार त्यापूर्वीच पुस्तकांच्या द्वारे येथे पोहोचला होता. गिजुभाई बधेका यांनी १९२० मध्ये भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत बालमंदिर सुरू केले, ते या वाचनाच्या बळावर. मात्र या स्थलांतरात एक गोष्ट घडली. मुंबईत मूकबधिरांची शाळा १८८५ पासून होती. मानसिकदृष्ट्या मागे राहणाऱ्या मुलांसाठी जय वकील शाळा १९४४ मध्ये निघाली. पुण्यात कामायनी १९६४ मध्ये. हा एक प्रवाह. बालमंदिरे आणि शिशुविहार हा दुसरा. युरोपात जे दोन प्रवाह एकाच झऱ्यातून निघाले होते, ते आपल्याकडे आले तेच दोन स्वतंत्र नद्यांसारखे. एकीला समाजकल्याण म्हटले गेले, दुसरीला शिक्षण. पुढे शासनाची खातीही त्याच रेषेवर विभागली गेली.

ताराबाई मोडक : अमरावती ते कोसबाड

पश्चिम विदर्भाच्या वाचकास ताराबाई मोडक यांचे चरित्र आणखी एका कारणाने जवळचे वाटावे. १८९२ मध्ये जन्मलेल्या ताराबाईंचे विवाहानंतरचे काही वर्षांचे वास्तव्य अमरावतीस होते. तो संसार टिकला नाही. त्यांनी राजकोट येथील स्त्रियांच्या अध्यापन महाविद्यालयात प्राचार्यपद स्वीकारले आणि तेथून १९२३ च्या सुमारास त्या गिजुभाईंकडे भावनगरला गेल्या. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. १९३६ मध्ये दादरला शिशुविहार निघाले. येथवरचा प्रवास हा मध्यमवर्गीय बालशिक्षणाचा प्रवास आहे आणि तो बहुतेकांस ठाऊक आहे.

खरे वळण १९४५ मधले. त्या वर्षी ताराबाईंनी तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डी या गावी ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले आणि अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. दादरला जे जमले ते बोर्डीत तसेच्या तसे जमणार नाही हे लवकरच ध्यानात आले. साधने महाग, म्हणून शंख, शिंपले, चिंचोके, बिया, पाने, माती यांची साधने झाली. हा भाग सर्वत्र सांगितला जातो. माझ्या मते त्याहून महत्त्वाची गोष्ट दुसरी आहे. बालवाडी उघडली, वेळ ठरली, बाई येऊन बसल्या, तरी ज्यांच्यासाठी ती होती त्या दलित व आदिवासी वस्तीतील मुले येईनात. कोणाला धाकटे भावंड सांभाळायचे असे, कोणाला गुरांमागे जायचे असे, कोणाच्या घरी सकाळी न्हाऊमाखू घालण्यास माणूस नसे. आणि गावाच्या त्या टोकापर्यंत येण्याचा संकोच तर होताच.

येथे दोन निष्कर्ष शक्य होते. पालकांना शिक्षणाचे महत्त्व कळत नाही, हा एक. तो सोपा आहे आणि तो आजही आपल्या चर्चासत्रांतून ऐकू येतो. ताराबाईंनी दुसरा काढला : बालवाडीची जागा आणि वेळ चुकली आहे. म्हणून मध्यवर्ती बालवाडीच्या जोडीला वस्तीतल्या अंगणातच, मुलांच्या सोयीच्या वेळी भरणारी वाडी त्यांनी सुरू केली. तीच अंगणवाडी. १९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर वारली समाजात गेले, तेव्हा हा विचार आणखी ताणला गेला. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली, म्हणजे शिक्षकच कुरणावर गेला. धाकट्या भावंडांसाठी पाळणाघर, त्यापुढे बालवाडी, त्यापुढे प्राथमिक वर्ग अशी एकाच आवारात साखळी उभी राहिली. कारण धाकट्याची सोय लागल्याशिवाय थोरली शाळेत येणार नाही, हे अनुभवाने कळले होते.

बोर्डी-कोसबाडच्या प्रयोगात अपंग बालक हा केंद्रस्थानी विषय होता असा दावा येथे करावयाचा नाही. तेथील अडखळणे दारिद्र्याचे, जातीचे, भाषेचे होते. परंतु उत्तराची रीत तीच होती, जी इतार यांनी व्हिक्टरपुढे बसून अंगीकारली होती. मूल बसत नसेल तर आधी बैठक तपासावी.

पहिली अंगणवाडी आणि वजनकाटा

स्वातंत्र्योत्तर काळात केंद्रीय समाजकल्याण मंडळाने १९५३ पासून ग्रामीण भागातील बालवाड्यांना हात दिला. मीना स्वामीनाथन यांच्या अध्यक्षतेखालील अभ्यासगटाने १९७२ मध्ये शालापूर्व बालकाचा समग्र विचार मांडला. आणि २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना देशातील ३३ प्रकल्पांत सुरू झाली. महाराष्ट्रातील आरंभीच्या प्रकल्पांत एक मुंबईतील धारावीचा आणि दुसरा अमरावती जिल्ह्यातील धारणीचा. म्हणजे आज वाशिम ज्या महसुली विभागात आहे, त्याच विभागातील मेळघाटात या योजनेचे महाराष्ट्रातले एक आरंभस्थान आहे. केंद्राला नाव मिळाले 'अंगणवाडी'.

योजनेत सहा सेवा होत्या : पूरक पोषण आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा, पोषण व आरोग्य शिक्षण आणि अनौपचारिक पूर्वप्राथमिक शिक्षण. कागदावर सहाही समान. प्रत्यक्षात आहार आणि लस यांनी बाकीच्या सेवांना झाकले. यात कोणाचा दोष काढणे योग्य नाही. मेळघाटातील बालमृत्यूंनी १९९० च्या दशकात साऱ्या राज्याला हादरविले होते; पुढे २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अन्नाच्या अधिकाराच्या खटल्यात प्रत्येक वस्तीस अंगणवाडी देण्याचा आदेश दिला, २००५ मध्ये राज्यात राजमाता जिजाऊ मिशन सुरू झाले. मूल जगले पाहिजे, मग बाकीचे. या क्रमाशी वाद घालता येत नाही. मात्र त्याचा एक परिणाम नोंदवावा लागतो. अंगणवाडी सेविकेची नजर वजनकाट्यावर घडली. तीव्र कुपोषणाचे 'सॅम' आणि मध्यम कुपोषणाचे 'मॅम' हे शब्द आज कोणत्याही गावच्या सेविकेच्या तोंडी सहज येतात. वजनाने बसणारे, पण शब्दाने मागे असणारे मूल ओळखण्यासाठी तितकाच सोपा आणि तितकाच वापरातला शब्द तिच्याजवळ नाही. ज्याला शब्द नाही त्याची नोंद होत नाही, आणि नोंद नाही त्याची चौकशी पर्यवेक्षिका करीत नाही.

मुंबईत १९७२ मध्ये स्पॅस्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया स्थापन करणाऱ्या डॉ. मिथू अलूर यांनी १९९० च्या दशकाअखेरच्या आपल्या लंडन विद्यापीठाच्या प्रबंधात नेमका हाच मुद्दा हाती घेतला. सर्व बालकांसाठी असलेल्या या योजनेतून अपंग बालक धोरणातील मौनामुळे बाहेर राहते, हे त्यांनी दाखविले. योजनेत त्याला मनाई कोठेच नव्हती. त्याचा उल्लेखच नव्हता. त्यांनी अशा मुलांना 'अदृश्य बालके' म्हटले. पुढे मुंबईच्या झोपडपट्टी भागातील बालवाड्यांत अपंग व अन्य मुलांना एकत्र शिकविण्याचे प्रयोगही त्यांच्या संस्थेने केले. मुंबईत प्रशिक्षित माणसे हाताशी असतात, तेव्हा ते तेथे जमले म्हणून रिसोड-मालेगावला जमेल असे लगेच म्हणता येणार नाही. परंतु प्रयोगाचे ठिकाण लक्षात घेण्यासारखे आहे : वेगळी शाळा नव्हे, वस्तीतलीच बालवाडी.

सहा वर्षांची रेघ

राज्यघटनेच्या मूळ अनुच्छेद ४५ मध्ये चौदा वर्षांपर्यंतच्या सर्व बालकांच्या शिक्षणाचा उल्लेख होता. त्यात वयाची खालची मर्यादा नव्हती. १९९३ मध्ये उन्नीकृष्णन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने चौदा वर्षांपर्यंतच्या बालकाचा शिक्षणाचा हक्क मूलभूत मानला, तोही खालच्या मर्यादेवाचून. ही मर्यादा आली २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने. सहा ते चौदा हा हक्क झाला. सहाच्या आतल्या मुलांसाठी राज्याने 'प्रयत्न' करावा असे नव्या अनुच्छेद ४५ मध्ये लिहिले गेले. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ११ ने तीन वर्षांवरील मुलांची सोय शासनाच्या इच्छेवर सोडली. हक्क आणि इच्छा यांच्यामध्ये ही जी सहा वर्षांची रेघ ओढली गेली, तिचा सर्वांत मोठा भार अडखळणाऱ्या बालकावर पडला.

अपंगांविषयीच्या कायद्यांत हे अधिक स्पष्ट दिसते. १९९५ च्या अधिनियमात सर्व मुलांची वर्षातून किमान एकदा तपासणी करून धोक्यातील मुले ओळखण्याची तरतूद होती; ती २०१६ च्या दिव्यांग हक्क अधिनियमातही आहे. अपंगत्वाचे प्रकार सातांवरून एकवीसांवर गेले, स्वमग्नता आणि विशिष्ट अध्ययन अक्षमता त्यांत आल्या. कलम ३१ ने तर पालकांच्या हाती खरोखरच मोलाची गोष्ट दिली : शेजारची शाळा की विशेष शाळा, ही निवड. मात्र ही निवड आहे सहा ते अठरा वर्षांच्या बालकासाठी. सर्व शिक्षा अभियानापासून समग्र शिक्षेपर्यंत गटसाधन केंद्रांमार्फत जे विशेष शिक्षक मिळाले, तेही मुख्यतः शाळेत दाखल झालेल्या मुलांसाठी. अध्ययन अक्षमतेची चाचणी तर तिसरीच्या वर्गात किंवा आठव्या वर्षी करावी असे मार्गदर्शक सूत्र सांगते. आणि ते योग्यही आहे, कारण चार वर्षांच्या मुलावर तसा शिक्का मारणे अशास्त्रीय ठरेल. एकूण निष्पन्न असे की, तीन ते सहा या वयात मूल अडखळते तेव्हा त्याच्याजवळ ना प्रमाणपत्र असते, ना विशेष शिक्षक, ना निवडीचा हक्क. त्याच्याजवळ असते ती शेजारची अंगणवाडी.

अंगणवाडी महिला व बालविकास खात्याची, तपासणारे पथक आरोग्य खात्याचे, पहिलीचा वर्ग शिक्षण खात्याचा आणि विशेष शाळा दीर्घकाळ सामाजिक न्याय खात्याची. डिसेंबर २०२२ मध्ये महाराष्ट्रात स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग झाल्यानंतर ती त्या विभागाची. मूल एकच असते. त्याची आईच काय ती या साऱ्या खात्यांना जोडणारा दुवा असते, आणि बहुधा तीच सर्वांत कमी माहिती असलेली असते.

वाशिममधील वाटा

आता पुन्हा वाशिमकडे वळू. सोयाबीन, तूर आणि कापूस यांवर जगणारा, कोरडवाहू शेतीचा हा जिल्हा जानेवारी २०१८ मध्ये नीती आयोगाच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत आला. महाराष्ट्रातील असे चार जिल्हे, इतर तीन गडचिरोली, नंदुरबार आणि उस्मानाबाद (आताचा धाराशिव). त्या कार्यक्रमातील निर्देशांकांत किती अंगणवाड्यांना स्वतःची इमारत आहे हे मोजले जाते. इमारत हवीच. परंतु ज्या संस्थेचे नाव अंगणावरून पडले तिची प्रगती भिंतींवरून मोजली जावी, हा इतिहासाचा एक विनोद म्हणावा लागेल.

जिल्ह्यातील पालकांपुढे ढोबळमानाने तीन वाटा असतात. ज्याच्या हाती चार पैसे आहेत तो मुलास तालुक्याच्या खाजगी इंग्रजी बालवर्गात घालतो. विदर्भात अशा प्रत्येक शाळेला लोक 'कॉन्व्हेंट' म्हणतात, मग तिचा ख्रिस्ती मिशनशी काडीचा संबंध नसो. तेथे तीन-साडेतीन वर्षांच्या मुलाकडून अक्षरे गिरवून घेतली जातात, आणि एका जागी बसू न शकणारे मूल काही आठवड्यांत 'पुढच्या वर्षी आणा' या शब्दांसह घरी परत येते. शिक्षण हक्क कायद्यातील पंचवीस टक्के प्रवेशाची तरतूद शाळेत पूर्वप्राथमिक वर्ग असल्यास त्यालाही लागू होते आणि २०१२ च्या दुरुस्तीने अपंग बालके वंचित घटकात धरली गेली आहेत, हे किती पालकांना सांगितले जाते? दुसरी वाट घरी ठेवण्याची. 'त्याचे वडीलही उशिराच बोलले होते' हे वाक्य वऱ्हाडातील घराघरांत ऐकू येते. कधी ते खरे ठरते. पण पुष्कळदा त्या एका वाक्यात दोन वर्षे निघून जातात.

तिसरी वाट अंगणवाडीची. माझे मत असे की, वाशिमसारख्या जिल्ह्यात बहुसंख्य अडखळणाऱ्या बालकांसाठी हीच योग्य जागा आहे, आणि याचे कारण केवळ ती जवळ व विनामूल्य आहे एवढेच नाही. येथे एक उदाहरण पुरेसे व्हावे. मानोरा तालुक्यातील पोहरादेवी हे बंजारा समाजाचे श्रद्धास्थान. त्या तालुक्यात आणि आसपास तांडे पुष्कळ. तांड्यातील मूल घरी गोरबोली बोलते. तीन वर्षांचे असे मूल मराठी बोलणाऱ्या बाईंपुढे गप्प बसले, तर ते भाषेमुळे गप्प आहे, ऐकू येत नाही म्हणून गप्प आहे, की अन्य कारणाने, हे कोण ओळखणार? तालुक्याच्या दवाखान्यात दहा मिनिटे पाहणारा डॉक्टर बहुधा नाही. तांड्यातीलच सेविका ते ओळखू शकते. ती त्याच्याशी त्याच्या बोलीत बोलते, त्याच्या पाठीमागे टाळी वाजवून पाहते, त्याची आजी त्याला कशी हाक मारते हे तिला ठाऊक असते. वारली मुलांपुढे मराठीतून उभे राहिलेल्या कोसबाडच्या शिक्षिकांना जी गोष्ट शिकावी लागली, ती येथे सेविकेच्या जन्माबरोबर आलेली आहे. कामासाठी काही महिने गाव सोडून जाणाऱ्या कुटुंबांच्या बाबतीतही तेच. मूल मागे पडले आहे की केवळ गैरहजर होते, हे गावातच कळते.

या मताला एक मोठा अपवाद आहे आणि तो मोकळेपणाने मांडला पाहिजे. जन्मतः बहिऱ्या मुलासाठी केवळ सोबत पुरत नाही. त्याला भाषा हवी असते, मग ती श्रवणयंत्राच्या साहाय्याने मिळो वा खुणांची असो, आणि ती पहिल्या काही वर्षांतच हवी असते. गोड स्वभावाच्या सेविकेजवळ तीन वर्षे बसून सहाव्या वर्षी निवासी मूकबधिर विद्यालयात गेलेले मूल भाषेविना गेलेले असते. तेथील शिक्षकांनी मग कितीही केले तरी ती वर्षे भरून येणे कठीण. अशा मुलासाठी लवकर ओळख व तज्ज्ञाची नियमित भेट नसेल, तर जवळची अंगणवाडी ही दयाळू पण अपुरी जागा ठरते. उलटपक्षी, सर्व अपंग मुलांना 'त्यांच्या' संस्थेत पोहोचविले की कर्तव्य संपले, ही समजूतही तितकीच घातक. तिचे टोक अमरावती जिल्ह्यातील वझ्झर येथे पाहावयास मिळते. २०२४ मध्ये पद्मश्रीने गौरविलेले शंकरबाबा पापळकर यांनी तेथे ज्या मुलांना वाढविले, ती आईबापांनी टाकून दिलेली अपंग मुले होती. त्या आश्रमाची थोरवी गाताना तो का लागला, हेही आठवावे.

राष्ट्रीय बालस्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघर येथून झाला. बोर्डी आणि कोसबाड ज्या परिसरात आहेत तोच हा परिसर. या कार्यक्रमाची पथके अंगणवाडीस वर्षातून दोनदा भेट देतात आणि जन्मतः असलेले दोष, जीवनसत्त्वांच्या उणिवा, आजार व विकासातील विलंब असे चारही प्रकार तपासतात. नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारने दिव्यांग बालकांसाठी अंगणवाडीची कार्यपद्धती जाहीर केली. विलंबाची लक्षणे सेविकेने लवकर टिपावीत, मुलाला गावच्या कार्यक्रमांत व अंगणवाडीच्या खेळांत सामावून घ्यावे, कुटुंबाला बळ द्यावे आणि आशा व आरोग्य पथकामार्फत पुढे पाठवावे, असे तिचे स्वरूप आहे. १९७५ नंतर अठ्ठेचाळीस वर्षांनी मौन संपले, असे त्याचे वर्णन करता येईल. सेविकेने टिपलेले लक्षण पथकापर्यंत पोहोचते का, पथकाने दिलेली चिठ्ठी घेऊन आई जिल्ह्याच्या गावी जाते का, आणि तेथून परत आल्यावर मूल पुन्हा त्याच अंगणात बसते का, या तीन सांध्यांवर सारे अवलंबून आहे. कारंजा वा रिसोडच्या खेड्यातून एका तपासणीसाठी एक मजुरी बुडते. दुसऱ्या खेपेला आई जात नाही.

या सांध्यांचा इतिहास अद्याप लिहिला गेलेला नाही. त्याची साधने मात्र जिल्ह्यातच आहेत : अंगणवाड्यांच्या जुन्या सर्वेक्षण नोंदवह्या, बालविकास प्रकल्प कार्यालयांतील मासिक अहवाल, आरोग्य पथकांच्या संदर्भ चिठ्ठ्या. अशी कागदपत्रे मुदतीनंतर रद्दीत जातात. जुन्या अकोला जिल्ह्यात सेवेत लागलेल्या पहिल्या पिढीतील सेविकांपैकी अनेक निवृत्त झाल्या आहेत, काही हयात नाहीत. ज्या आहेत त्यांना विचारण्यासारखे पुष्कळ आहे. वजनकाटा येण्यापूर्वी त्या मुलांकडे काय पाहत असत? न बोलणारे मूल त्या कोणाजवळ बसवीत? कोणते मूल त्यांनी घरी परत पाठविले, आणि ते पुढे कोठे गेले? जिल्ह्यातील महाविद्यालयांच्या इतिहास, समाजशास्त्र आणि गृहअर्थशास्त्र विभागांनी एकत्र येऊन, तालुकावार या मुलाखती ध्वनिमुद्रित करण्याचे काम हाती घ्यावे. मानोरा आणि मंगरूळपीरपासून आरंभ करणे सोयीचे होईल, कारण तेथे गोरबोली जाणणारे विद्यार्थी वर्गातच मिळतील.